नोटरीचा शिक्का मारण्याआधी समोरच्याची ओळख कशी पटवायची? (सोलापूर)

तुळजाई
नमस्कार मंडळी. मार्च २०२४ मध्ये केंद्राने महाराष्ट्रासाठी नोटऱ्यांची जी भलीमोठी यादी काढली, तिच्यात माझंही नाव होतं. आता कोर्टाजवळ एका गाळ्यात टेबल टाकलंय. गोल शिक्का आहे, नोंदवही आहे, फीचा तक्ता आतही लावलाय आणि बाहेरही. गिऱ्हाईक येतंय. डोकं उठतं ते एकाच गोष्टीने: समोर बसलेला माणूस तोच आहे हे मी कशावरून मानायचं?

१९५२ चा नोटरी कायदा आणि १९५६ चे नियम पुन्हा वाचून काढले. अमुक ओळखपत्र बघा, तमुक चालणार नाही, अशी यादी त्यांत कुठेही नाही. शपथ द्या, दस्त साक्षांकित करा, वहीत नाव-पत्ता लिहा, सही घ्या, पावती द्या. ओळख पटवायची कशी ते आमच्यावर सोडलंय.

परवा विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, एक मावशी आल्या. आधारवर आडनाव आधी, मग नाव. पॅनवर नाव आधी. रेशनकार्डावर मधे नवऱ्याऐवजी वडिलांचं नाव. विडी कामगाराच्या कार्डावर आडनावाचं नुसतं पहिलं अक्षर. चारी फोटोंतली बाई एकच आहे हे कुणालाही कळेल. पण मुलगा म्हणतो, "मॅडम, कुठलं नाव टाकायचं ते तुम्हीच ठरवा."

दुसरा प्रकार याहून वाईट. पोरगा कागद घेऊन येतो, खाली सही आधीच झालेली. "वडील तिकडे बाळे गावात घरी आहेत ओ, गुडघे धरलेत. आधारची झेरॉक्स आणलीय, शिक्का मारा की." नाही म्हटलं की चार टेबलं पुढे जातो आणि चहा निवायच्या आत शिक्का मारून माझ्याच समोरून परत जातो.

नोटरी असाल तर काय करता ते सांगा. गिऱ्हाईक असाल तर आमच्याकडून काय अपेक्षा असते तेही लिहा.

कडक_भाकरी
गिऱ्हाईक म्हणून सांगतो. लवकर व्हावं, स्वस्तात व्हावं आणि टायपिंगवाल्याने बापाचं नाव नीट लिहावं. बाकी काय नको.

हुरडा_पार्टी
@कडक_भाकरी, पहिल्या दोन्ही गोष्टी मिळतील. तिसरीची अपेक्षा ठेवू नये.

सात_रस्ता_वकील
मॅडम, अभिनंदन आणि सहानुभूती, दोन्ही घ्या. बरीच वर्षं हे काम करतोय म्हणून लिहितो.

व्यवहारात ओळख तीन तऱ्हेने पटते. मी त्या माणसाला स्वतः ओळखतो. किंवा मी ज्याला ओळखतो असा कुणी, बहुधा वकील, "मी यांना ओळखतो" म्हणून सही करतो. किंवा ओळखपत्र. आपल्याकडे मधला रस्ता सगळ्यात वाहता आहे आणि तोच सगळ्यात पोकळ झालाय. ओळख देणाऱ्या वकिलाची आणि त्या माणसाची पहिली भेट कोर्टाच्या जिन्यातच झालेली असते. म्हणून वकिलाची सही असली तरी मी मूळ ओळखपत्र मागतोच, झेरॉक्स नाही, आणि वकिलाचा सनद क्रमांक (वकिलीच्या परवान्याचा नंबर) वहीत लिहून घेतो. नवे वकील यावर रुसतात. रुसू देत.

मजकूर खरा की खोटा याची हमी आपण देत नसतो, हे लोकांना सांगून सांगून थकलो. शपथपत्रात खोटं लिहिलं तर भारतीय न्याय संहितेचं २२९ कलम आहे, ते लिहिणारा आणि कोर्ट बघून घेईल. आपण फक्त लिहून देतो की हा माणूस या तारखेला माझ्याकडे आला, त्याने शपथ घेतली आणि माझ्यादेखत सही केली. तो आलाच नसेल तर शपथ घेणाऱ्याच्या आधी आपणच खोटं बोललेलो असतो, तेही राजमुद्रेच्या भरवशावर.

बाळे गावातले ते वडील येऊ शकत नसतील तर आपण जावं. फीशिवाय प्रवासखर्च घ्यायची सोय नियमांत आहे.

खरं_बोलू_का
सगळ्यांचं वाचून बरं वाटलं, पण जरा जमिनीवर या. निम्मी शपथपत्रं कशासाठी असतात? मीटरच्या नावातला बदल, हरवलेली पावती, गॅसची जोडणी. ज्या ऑफिसात देतात तिथला कारकून वाचतही नाही, शिक्का आहे ना एवढंच बघून पंच मारून फाइलला लावतो. त्यासाठी गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला रिक्षात घालून आणायचं? विडी वळणाऱ्या बाईचा दिवस बुडाला तर त्या दिवसाची मजुरी गेली. नियम पाळायचे तर आधी हे कागद मागणं बंद करा, मग नोटरीला नावं ठेवा.

आणि ते "आपणच खोटं बोललेलो असतो" वगैरे राहू द्या. नोटरीवर खटला भरायचा तर कायद्याच्या कलम १३ प्रमाणे सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. किती जणांवर भरले गेलेत?

सात_रस्ता_वकील
@खरं_बोलू_का, कागद कमी करा हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. शासनाने २०१५ मध्येच बऱ्याच दाखल्यांसाठी शपथपत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती चालतील असं ठरवलं. काही टेबलांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

कलम १३ चं मात्र अर्धंच सांगितलंत. कायद्याचं कलम १३ वाचवतं, नियमांतला १३ वा नियम मारतो. त्याखाली गैरवर्तनाची चौकशी होऊन प्रमाणपत्र जातं. खटल्याची गरजच पडत नाही.

निवृत्त_बँकवाला
आम्ही टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो. मयत खातेदारांच्या वारसांची प्रकरणं बघायचं काम बराच काळ माझ्याकडे होतं. शपथपत्र, हमीपत्र, सगळं नोटरी केलेलं. 'कारकून वाचत नाही' हे सरसकट खरं नाही.

वाचायला कुठून सुरुवात करायची तेही सांगतो. मजकूर शेवटी. आधी नोंदवहीचा अनुक्रमांक आणि तारीख, मग कागदावर डकवलेलं नोटरीचं तिकीट. तिकिटावर शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर हवा. पूर्ण कागदावर असेल तर तिकीट नंतर डकवलेलं असू शकतं. एकदा एकाच नोटरीचे दोन कागद दोन वेगळ्या प्रकरणांत एकाच आठवड्यात आले. एकाची तारीख तीन दिवस पुढची, अनुक्रमांक मात्र मागचा. फोन लावला. साहेब म्हणाले, "आकडे पोरगा टाकतो, माझ्याकडे फक्त सही." दोन्ही प्रकरणं परत पाठवली. त्यातलं एक बिचाऱ्या विधवेचं होतं, तिची काही चूक नव्हती, तिला पुन्हा सगळा खर्च पडला. @खरं_बोलू_का, गरिबाचा दिवस असाही बुडतो.

तात्या_बाळीवेस
"आकडे पोरगा टाकतो" 😂😂 आमच्या आळीत भिशीची वही यापेक्षा बरी असती की ओ.

सुरेखा_दक्षिण_कसबा
जरा वेगळा प्रश्न. जुळे सोलापुरात आमचा वरचा मजला नर्सिंगच्या मुलींना भाड्याने दिलाय. ११ महिन्यांचा करार ५०० च्या बाँडवर नोटरी करून घेतला. एवढं पुरे ना?

दस्त_नोंदणी_निवृत्त
सुरेखाताई, पुरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५. भाड्याचा करार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. ११ महिने म्हणजे नोंदणी नको हा समज नोंदणी कायद्याच्या कलम १७ मधून आलाय, तिथे एक वर्षाची मर्यादा आहे. पण आपल्या राज्यात ५५ लागू. आणि जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

उद्या भाडेकरूशी वाजलं आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरायला कायदा सुरुवात करतो, खोडून काढायचं तुम्ही. घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते, आधारचा अंगठा लागतो, एजंट यंत्र घेऊन घरी येतात. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का. नोटरीपेक्षा फार महाग पडत नाही.

सुरेखा_दक्षिण_कसबा
अरे देवा. ह्यांना सांगते.

कडक_भाकरी
ताई, ह्यांना नोटरी करून सांगा.

हिप्परग्याचा_बगळा
विषय निघालाच आहे तर विचारतो. दोन गुंठे घेतलेत, गावाच्या कडेला. पूर्ण पैसे दिले. ५०० च्या बाँडवर "खरेदीखत" असं ठळक टाइप केलंय, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का, मूळ मालकाचा अंगठा, आधार, पॅन, सगळं आहे. सातबारावर नाव लागेना. तलाठी म्हणतात रजिस्टर खरेदी आणा.

दस्त_नोंदणी_निवृत्त
तलाठी बरोबर म्हणतात. शंभर रुपयांवरच्या कुठल्याही स्थावराची खरेदी नोंदणीशिवाय होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम ५४, नोंदणी कायदा कलम १७. वर "खरेदीखत" लिहिल्याने ते खरेदीखत होत नाही आणि नोटरीने मालकी फिरत नाही. तुमच्या हातात आहे तो पैसे दिल्याचा पुरावा. तो जपून ठेवा, फेकू नका.

नोंदणीला गेलं की तुकडेबंदी (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या खरेदीवरची बंदी) आडवी यायची, म्हणूनच विकणाऱ्याने नोटरीचा रस्ता दाखवला असणार. सोलापूरच्या चारही बाजूंना असेच प्लॉट पडलेत. गुंठेवारी (गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट) नियमाधीन करण्याचा कायदा २००१ चा आहे, तुमची जागा त्यात बसते का ते महापालिकेत विचारा. आणि चांगला दिवाणी वकील धरा.

हिप्परग्याचा_बगळा
मग नोटरीने शिक्का मारलाच कसा? त्यांना माहीत नसेल का?

सात_रस्ता_वकील
माहीत असतं. म्हणूनच मॅडमचा प्रश्न मला अर्धा वाटतो. ओळख पटली, आधार बघितलं, माणूस समोर होता, सगळं रीतसर. तरी तो कागद न करणं हेच योग्य होतं. माझ्याकडे असं कुणी आलं तर मी सांगतो की याने प्लॉट तुमच्या नावावर होणार नाही. निम्मे ऐकून परत जातात. बाकीचे दुसऱ्या टेबलाकडे.

लग्नाचंही तेच. पोरगा-पोरगी येतात, सज्ञान, दोघांची ओळखपत्रं चोख, "नोटरी लग्न करून द्या". केंद्राच्या विधी खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट परिपत्रक काढलं की नोटरीला विवाहाचा किंवा घटस्फोटाचा दस्त करण्याचा अधिकार नाही, केला तर गैरवर्तन. पोरांना विशेष विवाह कायद्याचा रस्ता सांगायचा आणि पाणी द्यायचं, कारण घाबरलेली असतात.

चादर_टॉवेल
आमच्या कारखान्यातल्या एका पोराने अशी "नोटरी सोडचिठ्ठी" आणून दाखवली होती. पाचशेचा बाँड, गुलाबी रिबीन, लॅमिनेशनसुद्धा. लॅमिनेशन लै भारी होतं.

अश्विनी_डलास
मी मूळची सोलापूरची, सध्या टेक्सासमध्ये. इथे बँकेत खातेदाराला नोटरी बहुतेक फुकटात मिळते, पण चालू ओळखपत्र दाखवल्याशिवाय आणि त्यांच्यादेखत सही केल्याशिवाय बाई पेनालाही हात लावत नाही. मी घरून सही करून नेली होती तर तिने शांतपणे कागद परत दिला, नवीन प्रिंट आणा म्हणाली.

होटगी रोडचा फ्लॅट विकायचाय. भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करायचंय. इथल्या नोटरीचं चालेल ना?

दस्त_नोंदणी_निवृत्त
चालेल, पण नुसतं नोटरी करून टपालात टाकू नका. एकतर भारतीय वकिलातीतून साक्षांकन घ्या, नाहीतर नोटरीनंतर तिथल्या राज्य सरकारकडून अपोस्टिल (नोटरीचा सही-शिक्का खरा असल्याचं, दुसऱ्या देशात चालणारं प्रमाणपत्र) करून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिल मानणाऱ्या देशांच्या करारात आहे. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक भरायचा, मुंबई मुद्रांक म्हणून जो कायदा होता तोच आताचा महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, कलम १८. लोक पाकीट कपाटात ठेवतात आणि गिऱ्हाईक मिळालं की उघडतात, तोवर मुदत गेलेली असते. सख्ख्या भावाला मोबदला न घेता विक्रीचा अधिकार देत असाल तर ठरावीक ५०० रुपये. परक्याला दिलात तर खरेदीखताएवढा मुद्रांक.

आणि हे भारतात राहणाऱ्यांसाठी, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. तुम्ही इथेच राहता आणि मुखत्याराने तुमच्या वतीने दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदणीला दाखल करायचा आहे, तर ते मुखत्यारपत्र नोटरीकडचं चालत नाही. नोंदणी कायदा कलम ३३: ते निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोरच करून त्यांच्याकडून प्रमाणित व्हायला हवं. नोटरीची सोय परदेशात राहणाऱ्यांसाठी आहे. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर निबंधक घरी येऊ शकतात, तशी तरतूद त्याच कलमात आहे.

अश्विनी_डलास
खूप आभार काका. इथल्या कुणीही हे तीन महिन्यांचं सांगितलं नव्हतं.

गड्ड्यातला_पाळणा
धागा नोटरीचा, माहिती अख्ख्या कचेरीची. बुकमार्क केला.

मृत्युपत्रालाही नोटरी लागतं का? आमचे मामा म्हणतात शिक्क्याशिवाय बाद.

सात_रस्ता_वकील
लागत नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार, त्यांनी त्याला सही करताना बघितलेलं हवं किंवा सही आपलीच आहे असं त्याने त्यांना सांगितलेलं हवं. मुद्रांकही नको. मामांना सांगा साक्षीदार तरुण निवडा. मामांच्या वयाचे निवडले तर वेळ आली की तेही हजर नसतात.

तुळजाई
इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळे वाचले. आता पुन्हा माझ्या टेबलाकडे येते.

मी सध्या असं करते. मूळ ओळखपत्र हातात घेऊन बघते. आधार असेल तर त्यावरचा क्यूआर फोनवर स्कॅन करते, आत फोटो, नाव, पत्ता डिजिटल सहीसकट असतो. फोटो बदलून छापलेलं कार्ड तिथे लगेच उघडं पडतं. आधारचा पूर्ण क्रमांक वहीत लिहीत नाही, शेवटचे चार आकडे पुरतात, आणि झेरॉक्स जोडायचीच झाली तर पहिले आठ आकडे झाकलेली, मास्क्ड आधारची. माझ्या आधीच्या गाळेवाल्याने शेकडो लोकांच्या आधारच्या झेरॉक्स मागच्या कोनाड्यात टाकून दिल्या होत्या, आणि खाली भेळवाला बसतो. पुढचं सांगायला नको.

आधारवर अति विसंबू नये हेही हळूहळू कळतंय. ते ओळखीचा पुरावा आहे. नागरिकत्वाचा नाही, रहिवासाच्या हक्काचा नाही, आणि जन्मतारखेचा पुरावा म्हणूनही ते धरता येत नाही. वयाचं शपथपत्र करायला आलेल्याला मी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला मागते. "आधारवर आहे की" म्हणून लोक भांडतात. एका काकांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, त्यांच्या बायकोची १ जानेवारी, भावाचीही १ जानेवारी. अख्खं घर नव्या वर्षाला जन्मलेलं.

त्या मावशींचा कागद झाला. आधारवरचं नाव मुख्य घेतलं आणि पुढे उर्फ लावून बाकीची तिन्ही नावं, जशी ज्या कार्डावर आहेत तशीच, कार्डाच्या उल्लेखासकट लिहिली. चारही कार्डांच्या प्रती जोडल्या. मावशींची घरची भाषा तेलुगू, मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, आणि कायद्याची भाषा तर कुणालाच कळत नाही. मुलगा म्हणाला मीच सांगतो तेलुगूत. मी नको म्हटलं, कारण कागदात फायदा त्याचा होता. शेजारच्या गाळ्यातल्या ताई तेलुगू बोलणाऱ्या आहेत, त्यांनी ओळ न् ओळ वाचून समजावली. मावशींनी मधेच थांबवून दोन प्रश्न विचारले आणि एक ओळ बदलायला लावली. मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता. कुणी, कुठल्या भाषेत वाचून दाखवलं ते खाली लिहिलं आणि ताईंची सही घेतली.

अंगठा उठेना हा वेगळा ताप. विड्या वळून बोटांच्या रेषाच झिजल्यात. शाईच्या पॅडवर बोट दाबलं की नुसता काळा ठिपका. शेवटी काचेवर रोलरने शाई पातळ पसरून अंगठा या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवून घेतला, तेव्हा चार रेषा दिसल्या. बाजूला "निशाणी डावा अंगठा" लिहून नाव टाकलं.

निवृत्त_बँकवाला
वाचून दाखवणाऱ्याची सही घेतली हे उत्तम केलंत. आमच्याकडे वाद व्हायचे ते बहुतेक वेळा "मला काय लिहिलंय ते माहीतच नव्हतं" यावरून. माणूस तोच आहे, अंगठा त्याचाच आहे, हे कुणी नाकारत नसे.

पद्मशाली_पोरगा
आमच्या घरातलीच गोष्ट वाटली. आजोबांची पिढी आडनाव आधी लिहायची, शाळेत मास्तरांनी मराठी पद्धतीने फिरवलं, पासपोर्टवाल्याने आणखी एकदा फिरवलं. उर्फने शपथपत्रापुरतं भागतं, पण पुढे नोकरी-पासपोर्टसाठी कायमचं बदलायचं असेल तर राजपत्रात नाव छापून घ्या, ऑनलाइन अर्ज होतो. मी ते केलं आणि आता कुठे सगळीकडे एक नाव झालंय.

खरं_बोलू_का
@तुळजाई, मी भांडायला आलो होतो, आता अर्धाच भांडतो. मावशींच्या बाबतीत तुम्ही जे केलंत त्याला किती वेळ लागला? तेवढ्या वेळात शेजारच्याने वीस शिक्के मारले असतील. नियमातल्या फीवर हे परवडतं का? नाही परवडत, म्हणून तर तक्त्यावर एक आकडा आणि हातात दुसरा. आधी ती फी वाढवा, मग पुढचं.

सात_रस्ता_वकील
फीबद्दल सहमत. पण तक्त्यापेक्षा जास्त घ्यायचं आणि पावती द्यायची नाही, हे त्यावरचं उत्तर नव्हे. मी टायपिंग आणि मसुद्याचे पैसे वेगळे घेतो, वेगळी पावती देतो. नोटरीची फी नियमाप्रमाणे. भागतं.

तात्या_बाळीवेस
आता माझं ऐका. नातवाच्या उत्पन्नाच्या दाखल्याला शपथपत्र पायजे म्हणून दारातल्या एजंटाने ५०० चा बाँड घ्यायला लावला. पोरगं पाचवीत हाय. बरोबर हाय का हे?

तुळजाई
नाही, तात्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये बऱ्याच दस्तांचा किमान मुद्रांक १०० वरून ५०० झाला हे खरं. पण सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या शपथपत्रावरचा मुद्रांक राज्याने १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ केलाय. साध्या कागदावर चालतं. तुम्हाला बाँड घ्यायला लावणाऱ्याला एवढंच म्हणा की मुद्रांक हवा हे लेखी द्या.

तात्या_बाळीवेस
लेखी मागितलं तर तो म्हणंल त्याचं पण नोटरी करून आणा.

हिप्परग्याचा_बगळा
महापालिकेत जाऊन आलो. अर्ज घेतलाय, मोजणीचा नकाशा मागितलाय. नोटरीचा कागदही जोडायला सांगितला, म्हणजे अगदीच वाया नाही गेला. @दस्त_नोंदणी_निवृत्त, मूळ मालकाचे तीन वारस आहेत, कागदावर अंगठा एकाचाच. बाकी दोघांची संमती आता घ्यायची तर ती कुठे करायची?

दस्त_नोंदणी_निवृत्त
दोघांना घेऊन थेट वकिलाकडे जा. नोटरीकडे नको.